कॉलेजच्या रोइंग क्लबचा इतिहास : कपांवरून लिहायचा की होड्यांवरून? (प्रदर्शनासाठी मदत हवी)

रंकाळावेस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एका जिमखान्याच्या हॉलमध्ये कॉलेजांच्या रोइंग क्लबांवर छोटं प्रदर्शन लागणार आहे. पाच फलक, प्रत्येकावर दीडेकशे शब्द आणि दोन फोटो. शिवाय एक रंगवलेलं जुनं वल्हं आणि लाकडी सिंगल स्कल (एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायची होडी) मांडायला मिळणार आहे. कच्चा मजकूर असा :

१. १८१५ : ऑक्सफर्डला ब्रेझनोज आणि जीझस ह्या कॉलेजांच्या होड्यांची शर्यत.
२. १८२५ : केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचा लेडी मार्गारेट बोट क्लब.
३. १८२९ : ऑक्सफर्ड विरुद्ध केंब्रिज, पहिली बोट रेस, लंडनला पटनी ते मॉर्टलेक.
४. भारत : कलकत्ता रोइंग क्लब १८५८, पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८.
५. कोणत्या कॉलेजने किती कप जिंकले त्याची यादी.

चुका निर्दयपणे काढा. दुसरं म्हणजे बऱ्याच फोटोंवर साल नाही. नुसतं बघून अंदाज बांधता येतो का?

वल्हेकरी

तिसऱ्या मुद्द्यात घोळ आहे. १८२९ची शर्यत लंडनला झालीच नाही. ती १० जूनला हेन्लीला झाली आणि ऑक्सफर्डने सहज जिंकली. पटनी-मॉर्टलेक हा मार्ग १८४५पासूनचा, ४ मैल ३७४ यार्ड, म्हणजे ६.८ किलोमीटर. शर्यत दरवर्षी होऊ लागली ती १८५६पासून. त्याआधी मधली वर्षं रिकामी आहेत, म्हणून 'सलग १८२९पासून' असंही लिहू नका.

चौथ्यात बारीक खोच. ड्यूक ऑफ कॅनॉट हा किताबच १८७४चा, तेव्हा १८६८ साली क्लबचं नाव 'रॉयल कॅनॉट' असणं शक्य नाही. 'आज रॉयल कॅनॉट म्हणून ओळखला जाणारा, १८६८चा क्लब' असं लिहिलंत की सुटलात. आणि कलकत्ता नि कॅनॉट हे साहेबांचे क्लब, कॉलेजचे नव्हेत. ते पुण्याच्या कॉलेजच्या रांगेत न ठेवता पार्श्वभूमी म्हणून वेगळ्या चौकटीत घाला.

टाउनहॉल

विद्यापीठांची नावंही तपासा. पुणे विद्यापीठ १९४९चं, शिवाजी विद्यापीठ १९६२चं. १९३५ सालच्या पुण्यातल्या संघाखाली 'पुणे विद्यापीठ' लिहिलं की फलक गेलाच. तेव्हा मुंबई विद्यापीठ होतं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचंही तेच : कॉलेज १८८०चं, विद्यापीठं मात्र बदलत गेली. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४चं आणि २०२२पासून ते स्वतःच विद्यापीठ आहे. फोटोच्या वेळी जे नाव होतं तेच ओळीत द्यावं, आजचं नाव हवं तर पुढे जोडावं.

सुतारपक्षी

फोटोवरून साल काढण्याबद्दल. माणसांकडे बघू नका, मिशा आणि टोप्या फसवतात. होडी आणि वल्हं बघा. खालून वर असं बघत जायचं :

रिगर. वल्हं थेट होडीच्या काठावर टेकलेलं असेल तर फोटो कुठलाही असो, होडी जुन्या घडणीची. काठापासून बाहेर लोखंडी त्रिकोणी दांडे काढून त्यावर वल्हं टेकवलं की तो आउटरिगर. बोट रेसमध्ये आउटरिगर १८४६ साली आले. त्यामुळे होडी अरुंद करता आली, कारण तरफेचं अंतर आता होडीच्या रुंदीवर अवलंबून राहिलं नाही. रोइंगच्या इतिहासातला खरा बदल हाच, बाकी सगळं त्याच्या मागून.

बैठक. आधी पक्की फळी. सरकती बैठक दोन्ही संघांनी बोट रेसमध्ये वापरली ती १८७३ साली. त्या स्लाइडचा पल्ला आताच्या मानाने तोकडा. फोटोत होडी रिकामी असेल तर दोन समांतर रूळ दिसतात का बघा. माणसं बसलेली असतील तर गुडघे बघा. स्ट्रोकच्या, म्हणजे वल्ह्याच्या फटक्याच्या, सुरुवातीला गुडघे छातीशी आले असतील तर स्लाइड, पाय जवळपास ताठ आणि नुसती कंबर वाकलेली असेल तर फळी.

वल्ह्याची पकड. दोन उभ्या खुंट्यांमध्ये वल्हं अडकवलेलं असेल तर जुनी पद्धत. एका पिनभोवती फिरणारं, वरून दांडीने बंद होणारं गेट असेल तर नवी. पण सावध. इंग्लंडमध्ये काही क्लबांनी खुंट्या विसाव्या शतकातही हट्टाने ठेवल्या, शैलीच्या वादापायी. खुंट्या दिसल्या म्हणून एकोणिसावं शतक धरू नका.

ब्लेड, म्हणजे वल्ह्याचं पातं. ही सगळ्यात भरवशाची खूण. लांब, अरुंद, चमच्यासारखं : १९५९च्या आधीची घडण. आखूड, रुंद, दोन्ही बाजूंनी सारखं, पिंपळपानासारखं : मॅकॉन. १९५९च्या युरोपियन स्पर्धेत जर्मनांनी फ्रान्समधल्या मॅकॉन गावी ती वापरली म्हणून ते नाव. एका बाजूला जास्त उतरलेलं, कोयत्याच्या पात्यासारखं : क्लीव्हर, १९९१-९२ पासून. फोटोत क्लीव्हर दिसलं की तो १९९१च्या आधीचा असूच शकत नाही. उलट मात्र खरं नाही. आपल्याकडे जुनी वल्ही वीस-वीस वर्षं चालतात, त्यामुळे मॅकॉन दिसली म्हणून १९९१च्या आधीचा फोटो असं म्हणता येत नाही. हत्याराने फक्त 'ह्याच्या आधीचा नाही' एवढंच ठरतं. प्रदर्शनातल्या निम्म्या चुका ह्या एका ठिकाणी होतात.

खाऊगल्ली

फोटो उलटा छापलाय का तेही बघा. निगेटिव्ह पालथी पडलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. रोअर, म्हणजे वल्हवणारा, मागे तोंड करून बसतो, म्हणून होडीची डावी बाजू त्याच्या उजव्या हाताला येते. नेहमीच्या आठजणीत (आठ जणांनी वल्हवायच्या होडीत) 'स्ट्रोक'चं, म्हणजे आठव्या जागेवरच्या माणसाचं, वल्हं त्याच्या उजवीकडे बाहेर पडतं. ते डावीकडे दिसलं तर शंका घ्या. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका, मुद्दाम उलट रिग केलेल्या होड्याही असतात. ब्लेझरची बटणं, बनियनवरची अक्षरं, मनगटावरचं घड्याळ, ह्यातली एक तरी दुसरी खूण जुळली पाहिजे.

रंकाळावेस

बाप रे, हे लई कामाचं आहे. सुतारपक्षी, तुमचा परिच्छेद थोडा कापून थेट फलकावर घेतला तर चालेल ना? आता सांगा, दुसऱ्या फलकावर 'बम्प्स' हा शब्द येतोय. तो एका ओळीत कसा समजवायचा? पाठलागाची शर्यत म्हटलं तर लोक म्हणतात दोघंच असतात का.

बरगेवाला

सुतारपक्षींच्या आधी मीच सांगतो, कारण बम्प्स हा पाण्याचा प्रश्न आहे, खेळाचा नंतर.

केंब्रिजची कॅम नदी आणि ऑक्सफर्डची आयसिस, दोन्ही अरुंद. दोन आठजणी शेजारी-शेजारी वल्ही पसरून जाऊ शकत नाहीत. आठजणीचं एक वल्हं पावणेचार मीटरचं, म्हणजे दोन्ही बाजू धरून एका होडीला सहा-सात मीटर पाणी लागतं, वर मध्ये मोकळी जागा. आजच्या आंतरराष्ट्रीय कोर्सला एकेक लेन १३.५ मीटरची असते ती ह्याचसाठी. तिथे ते शक्यच नव्हतं. मग त्यांनी होड्या एकामागे एक उभ्या केल्या, मध्ये दीड होडीचं अंतर, आणि सगळ्यांना एकाच तोफेवर सोडलं. पुढच्या होडीला शिवायचं आणि मागच्याने शिवायच्या आत शिवायचं. शिवल्यावर दोन्ही होड्या बाजूला होतात, दुसऱ्या दिवशी त्यांची जागा बदलते. केंब्रिजला हे १८२७पासून चाललंय. आट्यापाट्या खेळलेल्याला दोन मिनिटांत कळेल.

सुरुवात : चार मिनिटं आधी एक तोफ, एक मिनिट आधी दुसरी, मग सुटायची. तोवर कॉक्स (होडीला दिशा देणारा, न वल्हवणारा माणूस) काठाला बांधलेली साखळी हातात धरून असतो, म्हणजे सगळ्यांचं अंतर सारखं राहतं. साखळी वेळेत सोडली नाही तर होडी आडवी होते आणि मागची होडी येऊन आदळते. शिवलं गेल्यावर कॉक्सने हात वर करून कबूल करायचं. कबुली उशिरा दिली तर अपघात, कारण मागचे आठ जण पाठमोरे असतात, त्यांना पुढचं काहीच दिसत नाही.

चार दिवसांत निकाल लागतो. चारही दिवस पुढे गेलेल्या संघाला रंगवलेलं वल्हं मिळतं. चारही दिवस मागे आला तर लाकडी चमचा. आणि निकाल पुढच्या वर्षी शून्यापासून सुरू होत नाही, गेल्या वर्षी जिथे थांबलात तिथून. म्हणून ह्या क्लबांना सलग इतिहास आहे. कपांच्या यादीत फक्त जिंकलेली वर्षं दिसतात, बम्प्सच्या तक्त्यात हरलेली वर्षंही रेघेत दिसतात.

आणि एक, 'मे बम्प्स' जूनमध्ये होतात. फलकावर कुणीतरी 'मे महिन्यात' असं दुरुस्त करून ठेवेल, त्याला आधीच आवरा.

वल्हेकरी

+१. लेडी मार्गारेटबद्दल एवढं घाला : कॉलेजचं नाव सेंट जॉन्स, पण क्लबचं नाव संस्थापिका लेडी मार्गारेट ब्यूफर्ट ह्यांच्या नावावरून. ब्लेझर हा शब्द ह्याच क्लबच्या लालभडक जॅकेटांवरून आला असं मानतात. ट्रिनिटीच्या बाबतीत उलट अडचण आहे. फर्स्ट ट्रिनिटी आणि थर्ड ट्रिनिटी हे दोन वेगळे क्लब, १९४६ साली एक झाले. त्याआधीच्या फोटोत 'ट्रिनिटी' एवढंच लिहिलं तर अर्धवट होतं.

दुधाळीकर

रंगवलेल्या वल्ह्यावरची अक्षरं वाचताना नेहमी होणारी चूक सांगतो. ब्रिटिश पद्धतीच्या वल्ह्यावर नावापुढे '११.७' असं असतं. तो दशांश नव्हे, ११ स्टोन ७ पौंड. एका स्टोनचे १४ पौंड, म्हणजे १५४ अधिक ७, एकूण १६१ पौंड, साधारण ७३ किलो. कुणी ११.७ला ६.३५ने गुणलं तर ७४.३ येतं, आणि ११.१२ असेल तर हिशोब आणखी चुकतो, कारण ते ११ स्टोन १२ पौंड असतं. १३च्या पुढे पौंड कधी जात नाहीत, ही खूण लक्षात ठेवा.

नावांचा क्रम : वरून खाली बो (पुढच्या टोकाजवळचा, पहिल्या जागेवरचा), २, ३ असं स्ट्रोकपर्यंत, शेवटी कॉक्स. क्लबच्या गटफोटोत कॉक्स बहुतेक वेळा पुढे जमिनीवर बसलेला सापडतो. सगळ्यात हलका, सगळ्यात लहान. आता त्याला ५५ किलोची किमान मर्यादा आहे, कमी पडलं तर वजनाची पिशवी बरोबर घ्यावी लागते.

वल्हं भिंतीवर लावताना दोन टेकू द्या, एक गळ्याजवळ, एक हातमुठीकडे. मधोमध एकाच खिळ्यावर टांगलं तर वर्षभरात दांडा वाकतो. चामड्याच्या पट्ट्याला तेल लावू नका, त्याचा डाग दांड्यावरच्या रंगीत अक्षरांवर उतरतो.

मर्दानी

सगळी चर्चा पुरुषांचीच चाललीय की. बायकांची बोट रेस १९२७ साली सुरू झाली आणि तेव्हा दोन्ही होड्या एकत्र सोडलेल्याच नव्हत्या. आयसिसवर आळीपाळीने वल्हवून घेतलं, वेळेबरोबर 'शैली'लाही गुण होते. पुरुषांच्या टेम्सच्या मार्गावर बायकांची शर्यत यायला २०१५ उजाडलं. ऑलिंपिकमध्ये महिला रोइंग १९७६ साली आलं, तेही १००० मीटर. २००० मीटर १९८८ला. एखाद्या क्लबच्या १९८० सालच्या महिला संघाची वेळ पुरुषांच्या वेळेशेजारी लावाल तर अंतर तपासून लावा, नाहीतर 'अर्ध्या वेळेत' असं काहीतरी भलतंच छापलं जाईल.

टाउनहॉल

थोडा विरोध नोंदवतो. कप एवढेही टाकाऊ नाहीत. प्रदर्शनाला येणारा पालक शेवटी कपच बघतो. दत्तू भोकनळचं नाव घेतलं की गर्दी थांबते. चांदवड तालुक्यातला मुलगा, लष्करात रोइंग शिकला, २०१६ला रिओत सिंगल स्कलमध्ये तेरावा, २०१८च्या एशियाडमध्ये क्वाड्रपल स्कलचं सुवर्ण. हे तुमच्या रिगरच्या दांड्यांपेक्षा जास्त बोलतं.

सुतारपक्षी

घ्या की, जरूर घ्या. पण 'कॉलेज क्लब'च्या फलकावर नको. तो लष्कराच्या रोइंगचा इतिहास आहे, त्याची वाट वेगळी. आणि क्वाड्रपल स्कल म्हणजे काय ते शेजारी लिहा : चार माणसं, प्रत्येकाला दोन छोटी वल्ही. आठजणीत प्रत्येकाला एकच मोठं, ते स्वीप. आपल्याकडे नव्वद टक्के बातम्यांत स्कल आणि स्वीप एकच समजतात. (टक्केवारी माझ्या रागाची आहे, मोजलेली नाही.)

रंकाळावेस

टाउनहॉल साहेब, तडजोड : दत्तू भोकनळ दारापाशी स्वतंत्र फलकावर. आता एक स्थानिक प्रश्न. शेवटच्या फलकावर 'कोल्हापुरात कॉलेज रोइंग होऊ शकेल का' असं घ्यायचं म्हणतोय. रंकाळा की पंचगंगा?

बरगेवाला

रंकाळ्यात २००० मीटरचा सरळ पट्टा बसत नाही, वळायला आणि थांबायला जागा धरली तर मुळीच नाही. ५०० मीटरचं शिकवणं मात्र उत्तम होईल. सकाळी लवकर, कारण दुपारनंतर वारा सुटला की लाट उठते आणि सिंगलच्या काठाला पाण्यापासून जेमतेम वीतभर उंची असते. १९१२ साली बोट रेसमध्ये दोन्ही आठजणी पाण्याने भरल्या, तेव्हा आठ तगडे गडी असूनही काही चाललं नाही. हल्ली होडीच्या दोन्ही टोकांना बंद हवेचे कप्पे असतात. नियम असा की, पाण्याने काठोकाठ भरली आणि माणसं बसलेली असली तरी बैठकीचा वरचा भाग पाण्याखाली ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त जाता कामा नये. जुनी होडी विकत घेताना हे कप्पे आधी तपासा. झाकणांचं रबर कडक झालेलं असतं.

रंकाळ्याचं दुसरं दुखणं केंदाळ, म्हणजे जलपर्णी. होडीच्या मागे खाली छोटा पंख असतो, त्यात मुळं अडकली की होडी एका बाजूला खेचते आणि शिकाऊ पोराला वाटतं आपलाच हात कमी पडतोय. उपाय : थांबून तीन-चार स्ट्रोक उलटे मारायचे, बहुतेक वेळा सुटतं. हात घालायला वाकलात की उलटलात.

पंचगंगा वेगळी. राजाराम बंधाऱ्याला पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की मागे पाणी तुंबतं, प्रवाह जवळजवळ थांबतो. पावसाळ्याआधी बरगे काढतात, म्हणजे हंगाम आपोआप ठरला. पावसाळ्यात विषयच नको. ३९ फुटांना इशारा आणि ४३ला धोका, हे आकडे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ आहेत. पूर ओसरल्यावर लगेच उतरू नका. तळाशी झाडांची खोडं, बांबू रुतून बसलेले असतात, ते पाणी निवळल्यावर काठावरून आणि साध्या होडीतून बघून घ्यायचे. ३ मिलिमीटरच्या लाकडी कातडीला एक खुंटी पुरते.

आणि नदीत बंधाऱ्याच्या बाजूला वळायची जागा बऱ्याच आधी बोयाने ठरवून ठेवा. रोअर पाठमोरा असतो, बंधारा त्याला दिसत नाही.

रुंदी बघता शेजारी-शेजारी शर्यत नको. एकेक होडी ठरावीक अंतराने सोडून वेळ मोजायची, म्हणजे 'हेड' पद्धत. जीझस कॉलेजचे स्टीव्ह फेअरबेर्न ह्यांनी टेम्सवर १९२६ साली हेच सुरू केलं. पाठीच्या ताठपणापेक्षा पायाच्या रेट्यावर भर देणारे ते प्रशिक्षक. वर जो शैलीचा वाद आला तो त्यांचाच.

खाऊगल्ली

अवांतर : सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, त्यावर एक ओळ यायला हवी. तिथे माणसं पुढे तोंड करून वल्हवतात. म्हणजे वल्हं होडीला टेकत नाही, हातातच असतं. फलकावर हा फरक चित्राने दाखवलात तर रिगर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

वल्हेकरी

मापांची छोटी चौकट टाका, इंजिनिअरिंगची मुलं तिथेच थांबतील. साधारण आजची मापं : स्कलचं वल्हं २८८ सेंटीमीटर, त्यातलं आतलं, म्हणजे पकडीपासून मुठीपर्यंतचं, ८८. स्वीपचं ३७५, आतलं ११५. मॅकॉन ब्लेडच्या काळात स्कल २९८च्या आसपास असायचं. आखूड का झालं? क्लीव्हरचं पातं मोठं, पाण्यात कमी घसरतं, म्हणून त्याच लांबीला भार जास्त येतो. जुन्या २९८ला क्लीव्हर बसवून दिलं की आठवड्याभरात पोरांच्या कमरा आणि बरगड्या बोलायला लागतात. दोष पोरांना मिळतो.

गेटचा कल, म्हणजे पाण्यात ब्लेड किती तिरकं राहतं ते, ४ अंश. तो झिजून शून्यावर आला की ब्लेड पाण्यात खोल जातं आणि वेळेवर बाहेर येत नाही, मूठ पोटात बसते. ह्याला क्रॅब म्हणतात. जुन्या लाकडी वल्ह्यात थोडा कल ब्लेडमध्येच घडवलेला असायचा, म्हणून जुनं वल्हं नव्या गेटमध्ये घालून मापाल तर दोन्ही मिळून भलताच आकडा येतो.

किमान वजनं : आठजणी ९६ किलो, सिंगल १४.

सुतारपक्षी

लाकडी सिंगल मांडण्याबद्दल राहिलं. टोकांवर टेकवू नका. लांबीच्या साधारण पाव भागावर दोन्ही बाजूंना रुंद पट्ट्याच्या झोळ्या, खाली फोम. हॉलमध्ये ठेवल्यावर हवेच्या कप्प्यांची झाकणं उघडी ठेवा. बंद ठेवली तर आतली ओल बाहेर पडत नाही, आणि खिडकीतून ऊन आलं तर आतली हवा फुगून सांधे उकलतात. वाळवीसाठी स्टँडचे पाय भिंतीपासून लांब. लोकांना हात लावू द्यायचा असेल तर रिगर आणि गेटपाशी द्या, होडीच्या कातडीला नाही. अंगठ्याने दाबून 'किती पातळ आहे' बघण्याचा मोह सगळ्यांना होतो. पुढच्या टोकाला पांढरा रबरी गोळा नसेल तर ४ सेंटीमीटरचा बसवा. जुन्या फोटोत तो नसतो, पण हॉलमध्ये डोळ्याच्या उंचीवर ते टोक येणार आहे.

रंकाळावेस

सुधारलेला मजकूर : पहिला फलक १८१५ ते १८२९, हेन्लीसह. दुसरा बम्प्स आणि अरुंद नदी. तिसरा 'ह्या फोटोचं साल ओळखा'. चौथा पुणे : १९२८चा बोट क्लब, मशाल नृत्य आणि कयाक बॅलेवाला रेगाटा (होड्यांचा सोहळा), विद्यापीठांची नावं टाउनहॉल साहेबांनी सांगितली तशी. पाचवा पंचगंगा आणि बरगे. कप एका उभ्या पट्टीत. १८७३च्या फोटोखाली मी 'सरकत्या बैठकीचा शोध' लिहिलंय, बरोबर?

दुधाळीकर

'शोध' नको. 'बोट रेसमध्ये पहिल्यांदा वापर' लिहा.